घाटंजीच्या गादीची चौकशी

धामणगाव स्टेशनवर उतरले तेव्हा सकाळचे सात वाजायचे होते. नाशिकहून निघताना कामांचा कागद केला होता, तो गाडीत दोनदा वाचून झाला होता. बाभुळगावला शामराव मेश्रामांना भेटणे. त्यांच्याकडून पुस्तिकेचा मजकूर तपासून घेणे. घाटंजीत जुन्या घराचा फोटो काढणे. परत. तीन दिवस पुरे होते. पिशवीत बाबांची निळी वही होती आणि ती ओली होऊ नये म्हणून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली होती. पाण्याची बाटली मात्र गाडीतच राहिली. एवढा नीट कागद करून पाणी विसरणारी मीच.

स्टेशनबाहेर तर्री पोहे (पोह्यांवर लाल झणझणीत रस्सा) खाल्ले, डोळ्यांत पाणी आलं, आणि बाभुळगाववरून जाणारी यवतमाळची एसटी पकडली.

बाबा घाटंजीच्या शाळेत मास्तर होते. आणीबाणी लागली, वर्तमानपत्रांच्या तोंडाला कुलूप लागलं आणि माणसं कारण न सांगता उचलली जाऊ लागली, तेव्हा चार जणांनी एक काम सुरू केलं. बाभुळगावला शामराव स्टेन्सिल कापून पत्रकं काढायचे. कोण पकडलं गेलं, कोणाला कुठे ठेवलंय, जे छापून येत नव्हतं ते सगळं त्यात असे. वसंतकाका ती पत्रकं घाटंजीला आणायचे. आमच्या घरी ती साठवली जायची. आणि रहीमभाई पिंजारी, म्हणजे कापूस पिंजून गाद्या-उशा भरणारा माणूस, ती सायकलवरून बाजाराच्या गावांना पोचवायचा. आज या गावचा बाजार, उद्या त्या गावचा. पिंजारी बाजारोबाजार फिरतोच, त्याच्या गाठोड्यात कोण हात घालणार?

दीड वर्षाच्या आत सगळं उघडं पडलं. पोलीस थेट आमच्या घरी आले आणि थेट पाहुण्यांची गादी उचलली. बाबा पकडले गेले; पत्रकांच्या अक्षरावरून शामराव, आणि त्यांच्याकडे ये-जा करणारे वसंतकाकाही. वसंतकाका तुरुंगातच वारले. रहीमला कोणी हात लावला नाही. बाबा सुटल्यावर आम्ही नाशिकला आलो. बाबा मागच्या वर्षी वारले, आणि त्यांच्या वहीत चार नावांच्या यादीत शेवटच्या, म्हणजे रहीमच्या, नावापुढे एकच शब्द सापडला : फितूर.

आता शामराव या कामाची पुस्तिका काढत होते. त्यात ते नाव आणि तो शब्द छापला जाणार होता. वहीतलं पान पुरावा म्हणून हवं होतं. ते द्यायला मी निघाले होते.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला होता. वेचणीच्या बाया कमरेला ओटी बांधून वाकलेल्या. कापसाच्या गाड्या जाऊन जाऊन बाभळींच्या काट्यांना पांढरे पुंजके अडकले होते. दिसायला सुंदर, पण एसटीत ज्या बाजूला मी बसले होते त्या बाजूची काच बंद होत नव्हती आणि ते पुंजके नाकातोंडात येत होते.

शामरावांचं घर शोधावं लागलं नाही. स्टँडवर विचारलं तर एका रिक्षावाल्याने नुसतं बोट दाखवलं. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली कागदांचे गठ्ठे, मध्ये खाटेवर ब्याऐंशी वर्षांचे शामराव.

"जय भीम, काका."

"जय भीम. गुरुजीची पोरगी न तू? नाक पाह्यलं अन् समजलं. बस. पाणी दे वं हिले," त्यांनी आत सुनेला हाक मारली. "अन् चाय कर. साखर कमी नोको करू, माह्यासाठी करतेस तशी."

"काका, तुम्हाला साखर चालत नाही ना?"

"म्हणूनच पाहुणे येवाची वाट पायतो."

त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं वळत नाहीत. कप ते दोन्ही तळव्यांत धरतात. पोलीस ठाण्यात स्टेन्सिल कापणारा हात कोणता, असं विचारलं गेलं होतं, एवढंच त्यांनी सांगितलं. मी वही काढली. त्यांनी ते पान बराच वेळ पाहिलं.

"गुरुजीनं लिहून ठेवलं म्हणजे झालं. पाय पोरी, गादीत कागद हायेत हे दोघाईलेच मालूम होतं. तुह्या बापाले अन् त्या पिंजाऱ्याले. मले सुद्धा नाई. वसंतालेबी नाई. असाच नियम होता. ज्याचं काम त्यालेच माहीत. घरात तर बायकोलेबी सांगाचं नाई. मंग पोलीस सीधे गादीवर कसे गेले? त्यानं आमाले इकलं. वसंता मेला तिथं."

"रहीमभाईंचं कोणी आहे का अजून?"

"थो मेला कवाचा. पोरगा हाय मुकुटबनले. गादीघर हाय त्याचं. तिथं काहून जातेस? पुस्तक छापून आलं की एक पाठवू त्याले."

ते हसले, पण गमतीने नाही. मजकूर मी वाचून घेतला. शुद्धलेखनाच्या अकरा चुका निघाल्या, त्या दुरुस्त केल्या. पान मी उद्या परतताना देईन म्हटलं. का म्हटलं ते तेव्हा कळलं नाही. कदाचित मला एक जुनी गोष्ट टोचत होती. मी सात वर्षांची असताना आमच्या दारात एक माणूस झेंडूचा हार घेऊन उभा होता आणि बाबांनी दार लावलं होतं. आई चुलीपाशी होती. ती वळली नव्हती.

यवतमाळला मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी सकाळी घाटंजी. मुद्दाम बाजाराचा दिवस निवडला होता, कारण बाजाराच्या दिवशी गाड्या जास्त असतात. त्या इतक्या भरलेल्या होत्या की उतरताना माझ्या चपलेचा पट्टा तुटला. बाजारात शिरून आधी चांभार शोधला. त्याने पट्टा शिवेपर्यंत मी त्याच्या पोत्यावर एका पायाने उभी राहिले. समोर एक बाई सांबाराच्या (इकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात) जुड्या लावत होती. तिने मला न्याहाळून घेतलं.

"पुण्याची का वं?"

"नाशिकची."

"थेच ते," ती म्हणाली.

बाजार मोठा आहे. कापडाच्या रांगा, मिरच्यांचे ढीग, भज्यांच्या कढया. पिंजारी मात्र एकही नव्हता. आता फोमच्या गाद्या टेम्पोवर रचून विकतात.

आमचं घर उरलेलं नाही. तिथे मोबाइलचं दुकान आहे. मी शटरचा फोटो काढला, कारण कागदावर फोटो असं लिहिलेलं होतं. शेजारचं घर मात्र जागेवर होतं आणि ओट्यावर कमलामावशी लसूण सोलत बसल्या होत्या. आईपेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठ्या. मी नाव सांगितलं तेव्हा त्यांनी सुपातला लसूण बाजूला केला आणि माझं तोंड दोन्ही हातांनी धरलं.

"तुही माय हाय का जित्ती?"

"आहे. एकोणऐंशी पूर्ण."

"मंग मले काई इचारू नोको," त्या म्हणाल्या.

मी अजून काहीच विचारलं नव्हतं.

त्यांनी जेवायला बसवलं. ज्वारीची भाकर, पिठलं, वर कच्चं तेल. खाताना मी सहज म्हणून पुस्तिकेचं सांगितलं, आणि वहीतलं ते पान वाचून दाखवलं. रहीम, फितूर. मावशींचा हात थांबला.

"हे छापून राह्यले?"

"हो. पुढच्या महिन्यात."

"खोटं हाय हे." त्या उठल्या, ओट्यावर जाऊन थुंकून आल्या, परत बसल्या. "तुह्या मायनं मले शप्पत घातली होती. पण मी काई मेल्यावर सोबत नेत नाई हे."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी तिथेच, जेवणाच्या ताटाशेजारी, लिहून घेतलं.

दिवाळी तोंडावर आली होती. दिवाळीआधी इकडे घरोघर गाद्या फोडून कापूस पिंजून घेतात. आईला माझ्या भावाच्या वेळचे दिवस भरत आले होते. बाळंतपणाला माहेरची माणसं येणार, पाहुण्यांची गादी तर दगडासारखी झालेली. झोपलं की काहीतरी टोचतं, असं आई म्हणायची. त्यात कागद आहेत हे तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. सांगायचं नाही हाच नियम होता. रहीमभाई गावात नव्हता. त्याच दिवशी एक परगावचा पिंजारी कापूस पिंजायच्या कमानीची तार वाजवत गल्लीतून गेला. बाबा शाळेत होते. आईने त्याला हाक मारली आणि गादी दिली.

"त्यानं मागच्या मैदानात नेऊन फोडली. कागद निघाले. त्याले वाचता येत नव्हतं. चांगले कोरे पाठीचे कागद, फेकतो कायले? त्यानं बाजारात भजेवाल्याले देल्ले. गादी भरून, टाके घालून आणून देल्ली. तुही माय म्हने, पाह्य कमला, कशी मऊ झाली."

"आणि?"

"आणि काय? ठाण्याच्या जमादारानं भजे घेतले. खाल्ले. पुडी उलटी केली अन् वाचली." मावशींनी पदराने तोंड पुसलं. "भजेवाल्यानं पिंजारी दाखवला, पिंजाऱ्यानं घर दाखवलं. तुह्या मायले गाडी दारात आल्यावर समजलं. रात्रभर माह्या घरात थरथरत होती. म्हने, त्यायले समजलं तर जीव घेतीन माहा. मंग वसंता गेला. मंग तर तिचं तोंड कायमचं बंदच झालं."

"रहीमभाईंवर आलं तेव्हाही?"

 मावशींनी लसणाचं सूप पुढे ओढलं आणि माझ्या ताटात अजून एक भाकर टाकली.

बाबांना ठाण्यात कोणी काही सांगितलं नव्हतं. त्यांनी मार खाऊनही रहीमचं नाव घेतलं नाही, हे मला आईनेच लहानपणी सांगितलं होतं, अभिमानाने. त्यांनी नाव घेतलं नाही म्हणून रहीम बाहेर राहिला. आणि रहीम बाहेर राहिला म्हणून त्यांनी त्याच्यापुढे तो शब्द लिहिला. हे मी एसटी स्टँडच्या बाकावर बसून चार ओळींत उतरवलं, दोनदा वाचलं, आणि कागदावर पेनाने नवं गाव घातलं : मुकुटबन.

पांढरकवड्यापर्यंत गाडी लगेच मिळाली. पुढची गाडी दोन तासांनी होती, आणि मग खिडकीबाहेर नुसतं जंगल. सागाची झाडं, मोठमोठी पानं वाळून खाली पडलेली, मध्येच कापसाचं शेत. माझ्याशेजारी एक कोलाम आदिवासी आजी टोपली घेऊन बसली होती. तिची आणि माझी भाषा जुळेना, तरी तिने बोरं दिली. मुकुटबनला उतरले तेव्हा ऊन कलतं झालं होतं. पलीकडे तेलंगण जवळ असल्याने दुकानांत अर्धं बोलणं तेलुगूत चाललेलं.

युसूफभाईंचं गादीघर मशीनच्या आवाजावरून सापडलं. हवेत कापसाची धूळ इतकी की बल्बभोवती धुकं दिसत होतं. युसूफभाई सदुसष्ट वर्षांचे. तोंडाला फडकं, भुवया पांढऱ्या, त्या वयाने की कापसाने ते कळेना. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी मशीन बंद केलं. मग फक्त त्यांचा श्वास ऐकू येत होता. त्यात शिट्टी होती.

"गुरुजीची पोरगी," ते म्हणाले. "मंग इथं काहून आली? आमी तं कोनाच्या दारात जात नाई."

"पुस्तक निघतंय, त्यासाठी..."

"मालूम हाय. लोकायनं सांगतलं. नाव छापून राह्यले. ताई, माहे नातू शाळेत जातात. घाटंजीतून अब्बाले उठवलं, कोनी उशी भराले देत नव्हतं. म्हने, हा भरतो कमी अन् सांगतो जास्त. इथं आलो तं कोनाले मालूम नव्हतं. आता पुस्तकातून पुन्हा येईन."

आतून त्यांच्या बायकोने पाण्याचा पेला आणून माझ्या हातात दिला आणि नवऱ्याकडे बघून म्हणाली, "पैले पानी, मंग भांडन."

मी पाणी प्यायले आणि वाक्यं मनात न जुळवता सांगून टाकलं. गादी माझ्या आईने दुसऱ्या पिंजाऱ्याला दिली होती. तिला माहीत नव्हतं. तुमच्या वडिलांचा काही दोष नव्हता.

युसूफभाईंनी तोंडावरचं फडकं खाली ओढलं.

"मालूम हाय," ते म्हणाले.

"काय मालूम आहे?"

"हेच. पैलेपासून." त्यांनी बाजूची भरलेली गादी ओढली, उलटी केली आणि एका टाक्यावर बोट ठेवलं. "अब्बाची आदत होती. गादीच्या खालच्या अंगाले दुहेरी गाठ. एक बांधाची, त्यावर दुसरी उलटी. दुसरे पिंजारी एकच बांधतात, लवकर होते. त्या दिवशी अब्बा बाजारातून सायकलवर घाटंजीत आले तं ठाण्याच्या ओट्यावर गुरुजीची गादी उलटी पडली होती. अब्बानं सायकलवरूनच पाह्यलं. एकच गाठ. उतरलेच नाई. तशीच सायकल पलटवली."

"पळाले?"

"पळाले नाई ताई." आवाज चढला आणि खोकला आला. तो थांबल्यावर पुढे बोलले. "ज्या ज्या गावात कागद देल्ले होते, त्या त्या गावात गेले. तीन दिवस. उशा फोडल्या, कागद जाळले. म्हणून पुढं कोनी सापडलं नाई. पांढरकवडा नाई, इथचे लोक नाई. हे कोनी लिहिलं का तुमच्या पुस्तकात?"

"नाही."

"मी म्हटलं, अब्बा, सांगून टाका न, गादी दुसऱ्यानं भरली. अब्बा म्हने, दुसऱ्याले देल्ली कोनं? बाईनं. बाईच्या पोटात लेकरू हाय. सांगतलं तं तिले ठाण्यात नेतीन. मंग गुरुजी सुटले, तवा हार घेऊन गेलते. फक्त येवढंच म्हटलं, गुरुजी, टाके माहे नव्हते. गुरुजीनं दार लावलं."

"तेव्हा तरी आईचं नाव सांगायचं."

"म्हने, आता सांगतलं तं घर मोडन त्याईचं."

मी बाहेर जाऊन रस्त्यावर थोडी उभी राहिले. परत आले तेव्हा ते एका लहान उशीला शेवटचे टाके घालत होते. सुई लांब, हात सरावलेला. गाठ बांधली, त्यावर उलटी गाठ बांधली, दोरा दाताने तोडला.

"तुमच्या अम्मीले द्या. काई म्हणू नोका. नुसती द्या."

परतीच्या वाटेवर बाभुळगावला दोन गाड्यांच्या मधला अर्धा तास काढला. शामरावांनी सगळं ऐकलं. वळत नसलेली बोटं दुसऱ्या हाताने चोळत राहिले.

"पन्नास वर्स शिव्या देल्ल्या मी त्याले," ते म्हणाले. नंतर त्यांचा आवाज कोरडा झाला. "पण हे कमलाबाईचं सांगणं. गुरुजीच्या अक्षरापुढं मी तिचं ऐकलेलं कसं छापू? तुही माय हाय न? तिच्या हातचं लिहून आण. आठ दिवस थांबतो. नाई आलं तं हाय तसं छापतो."

मी वहीचं पान त्यांना दिलं नाही. त्यांनी मागितलंही नाही.

नाशिकला पोचल्यावर आंघोळ केली, आईला चहा दिला आणि समोर बसून क्रमाने सांगितलं. कोणाला भेटले, कोण काय म्हणालं. कमलामावशींचं नाव आलं तेव्हा तिने डोळे मिटले.

"मी गेल्यावर छापा," ती म्हणाली. "फार दिवस नाहीत आता."

"आई, युसूफभाईंच्या छातीत कापूस बसलाय. कोण आधी जाईल ते मला माहीत नाही."

तिने भिंतीकडे तोंड केलं. तीन दिवस घरात लागेल तेवढंच बोलणं झालं. शामरावांच्या आठ दिवसांतले पाच गेले होते. मग मी पिशवीतून उशी काढली आणि काही न बोलता तिच्या खाटेवर ठेवली.

 तिने उशी मांडीवर घेतली, उलटी केली आणि बोटांनी गाठी चाचपल्या. एक. त्यावर दुसरी, उलटी.

"त्याला कळलं होतं?"

"हो. त्याच दिवशी. ठाण्याच्या ओट्यावर गादी पाहून."

"मी दिली हे?"

"हो."

"आणि बोलला नाही?"

"तू पोटुशी होतीस म्हणून. नंतर घर मोडेल म्हणून."

आई पन्नास वर्षं नाशिकची भाषा बोलते. शेजाऱ्यांना ती मूळची कुठली हे माहीतही नाही. उशीवरचा हात न काढता ती म्हणाली, "थो बोलला नाई माह्यासाठी. मंग मी काहून बोलली नाई त्याच्यासाठी?"

 तिने कागद मागितला. चष्मा लावला, दोनदा पुसून पुन्हा लावला. तिने लिहिलं : गादी मी दिली. रहीमभाई गावात नव्हते. ते फितूर नव्हते. मला माहीत होतं, मी सांगितलं नाही. खाली पूर्ण नाव. मी कागदाचा फोटो बाभुळगावला पाठवला आणि मूळ कागद दुपारच्या टपालाने रवाना केला. शामरावांचा संध्याकाळी फोन आला. पुस्तिकेत नावं चारच राहतील, चौथ्यापुढे त्या तीन दिवसांच्या सायकलीचं लिहू, एवढंच ते म्हणाले.

बाबांच्या वहीतला शब्द मी खोडलेला नाही. तो तिथे राहिला पाहिजे, त्याच्या शेजारी आईच्या चार ओळींची प्रत चिकटवली आहे. चौघांनी एकमेकांना वाचवण्यासाठी गप्प राहायचा नियम केला होता. नियम चांगला होता. फक्त घरातल्या गाद्या कोण उन्हात टाकतं, याचा विचार त्यात कोणी केला नव्हता.

उशी आई रोज सकाळी गॅलरीत उन्हाला ठेवते आणि ऊन उतरलं की आत आणते. डोक्याखाली तिने ती अजून घेतलेली नाही.